हॉलच्या जागची जास्वंद

मंडळी, ऑफिसच्या मोडेमवरून घाईत मेल टाकतोय. आज सकाळी नव्या घराच्या बागेत मोगऱ्यासाठी खड्डा खणत होतो. वर्षानुवर्षं फुलणारं काहीतरी हवं होतं.

तेवढ्यात शेजारच्या कानडी अक्का कुंडी घेऊन आल्या. कुंडीत जास्वंद.

"ही लावा. पण स्वल्प, थोडी आमच्या भिंतीकडे."

मी पडलो पुणेकर! फुलं तोडायची सोय बघतायत, असंच वाटलं. "भिंतीकडेच का?"

"तुमचा हॉल आहे ना, तिथं होती ही. रोज देवाला हिचीच फुलं न्यायचे मी. पाया खणायच्या आधी फांदी आणून जगवली."

जास्वंद भिंतीलगत लावली. मोगरा अजून पिशवीतच आहे.

आमच्या स्वयंपाकघराच्या जागी काय होतं, ते विचारायचं राहिलंच. तुमच्या घराच्या जागी काय होतं, माहितेय?