पोळ्याच्या दिवशीचा सौदा

जळगावच्या बैलबाजारात माझं आयुष्य गेलं. बाजारात माझ्याबद्दल म्हणतात, याच्याशी भांडायचं असेल तर सकाळी भांडा, दुपारनंतर हा कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ते खरं आहे. असंही म्हणतात, की फुटबॉलच्या एका सामन्यापायी याने नानांशी बोलणं टाकलं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं लोकांना माहीत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

नाना माझ्या नात्यातले नव्हते. ते बाजारातले सगळ्यांत जुने दलाल. खेड्यातून मी पायी आलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो, आणि गुरं वळण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. नानांनी मला निंबाखाली बसवलं आणि माझ्या हातावर आपलं उपरणं टाकलं. त्या काळी बैलाचा भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली एकमेकांचे हात धरत आणि बोटं दाबून भाव सांगत. बाजूला उभ्या असलेल्या शंभर माणसांना काही कळत नसे. उपरण्याखाली जे ठरलं ते बाहेर बोलायचं नाही आणि हात दिला की फिरायचं नाही, हे दोनच नियम. कागद नाही, साक्षीदार नाही. ही दलाली मी नानांच्या बोटांवरून शिकलो. त्यांची बोटं खडबडीत आणि कायम गरम असत.

फुटबॉलही नानांनीच लावलं. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. जळगावातले काही हमाल, जिनिंगमधले कामगार आणि दोन शाळामास्तर मिळून एक संघ झाला होता. नाना त्याचे प्रमुख. मी लहानपणी कुठलाच खेळ खेळलो नव्हतो. मी गुरांमागे असायचो आणि पोरं खेळायची. या अकरा जणांनी मला आपल्यात घेतलं, मैदानाच्या काठावर का होईना. दर श्रावणात धुळ्याला स्पर्धा असे. ट्रक मी ठरवायचो, आम्ही तिकडे जायचो आणि हरायचो. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, ओळीने पाच वर्षं. एकदा रेफरीच्या पाठीत मी छत्री घातली, तेव्हापासून मला रेषेपासून दहा पावलं लांब बसण्याची सक्ती होती. तिथे बसून मी ओरडायचो. पण शेवटची शिट्टी होईपर्यंत जागचा कधी उठलो नाही, चार गोल झाले तरी.

आम्हाला हरवणारा संघ धुळ्याच्या एका शेठचा होता. शेठची तेलाची घाणी होती आणि तीस बैलगाड्या होत्या. म्हणजे दर वर्षी नव्या जोड्या लागणार. मैदानावर त्याचा तंबू असे, त्यात खुर्च्या आणि चहा. चौथ्या वर्षी पावसात भिजत बसलो होतो, तेव्हा शेठ स्वतः माझ्याजवळ आला.

"भाऊ, कशाला भिजता? आमच्या तंबूत या. माणूस तुम्ही हुशार, आणि बसता हरणाऱ्यांत."

"इथून बरं दिसतं," मी म्हणालो.

"हरणं तर कुठूनही दिसतं. या वर्षी मला आठ जोड्या घ्यायच्या आहेत. आपल्या माणसाकडूनच घेईन म्हणतो."

आपला माणूस म्हणजे तंबूत बसणारा, हे मला कळलं. तो सौदा उपरण्याशिवायच समोर मांडलेला होता. मी नानांकडे पाहिलं. नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेठ, हाई टीम हारनी तरी आपलीच शे. आम्ही कोनी तठे येनार नही."

आमची माणसं हसली, टाळ्या पडल्या. मी तंबूत गेलो नाही. शेठने त्या वर्षी आठही जोड्या मालेगावहून घेतल्या, पुढच्या वर्षीही तिकडूनच. माझी बायको म्हणाली, "चेंडूला लाथ दुसरे मारतात, लागते आपल्याला." मी तिच्यावर ओरडलो. पण मनातून मला स्वतःचा अभिमान वाटत होता, आणि नानांचा त्याहून जास्त.

मग मला तो सापडला. असोद्याकडचा गडी, केळीच्या वाहतुकीवर काम करणारा. मी स्टेशनवर उभा होतो. गाडीवरचा माणूस केळीचे घड खाली फेकत होता आणि हा ते झेलून वॅगनमध्ये लावत होता. घड जमिनीला लागला तर केळी काळी पडते, म्हणून तो एकही पडू देत नव्हता. डावीकडे, उजवीकडे, पार गुडघ्याच्या खाली आलेला घडसुद्धा तो दोन्ही हातांत असा घ्यायचा, जसं लेकरू घ्यावं. अर्धा तास मी पाहत राहिलो. चांगला बैल पाहिला की माझे पाय आपोआप त्याच्याकडे वळतात. तसे वळले.

"फुटबॉल खेळशील का?" मी विचारलं.

"ते काय राहस, भाऊ?"

"घडच झेलायचे. फक्त गोल असतात."

त्याला आम्ही गोलकीपर केलं. एका मास्तरांच्या बायकोने त्याच्यासाठी हिरवा स्वेटर विणला. सहाव्या वर्षी तो स्वेटर घालून तो धुळ्याला उभा राहिला आणि तीन सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही. आम्ही पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचलो. समोर शेठचाच संघ.

पावसाने सामना दोनदा पुढे ढकलला आणि शेवटी तो नेमका पोळ्याच्या दिवशी आला. येताना रस्त्यात गावोगावी रंगवलेली शिंगं आणि झुली दिसत होत्या. मैदान चिखलाने भरलेलं. पण पंधराव्या मिनिटाला आमच्या एका हमालाने असा फटका मारला की चेंडू आणि चिखल दोन्ही जाळ्यात गेले. मी छत्री हवेत फेकली. ती कुणाच्या तरी डोक्यात पडली आणि तोही हसला. हाफटाइमला आम्ही एका गोलने पुढे होतो.

मी नानांना शोधू लागलो. त्यांना मिठी मारायची होती. ते तंबूत होते. शेजारी शेठ. दोघांच्या मांडीवर मिळून नानांचं उपरणं पसरलेलं होतं आणि दोघांचे उजवे हात त्याखाली होते.

उपरण्याखाली बोटं काय करतात ते दिसत नाही, पण खांदा दिसतो. सौदा तुटत असला की खांदा मागे जातो. जुळला की कोपर सैल पडतो. मी पाहत असतानाच नानांचा कोपर सैल पडला.

मी जवळ गेलो. "नाना, आज पोळा. कसला सौदा?"

नाना दचकले नाहीत. "पोयाले कोनी बैल इकस का, येड्या? शेठना हात आखडना व्हता, चोळी दिन्हा."

शेठने हात झटकून दाखवला आणि हसला. मीही हसलो. वर्षातला हा एकच दिवस, जेव्हा आमच्या मुलखात बैलाला कुणी विक्रीला काढत नाही. म्हणजे बैलाचा सौदा नव्हता हे तर मला कळत होतं. मग कशाचा होता, हे विचारायला हवं होतं. वय लपवायला दात कोरून आणलेला म्हातारा बैल मी वीस पावलांवरून ओळखतो. पण समोर नाना होते, म्हणून मी स्वतःला सांगितलं, हात आखडला असेल, पावसाळी हवा आहे. आणि परत जाऊन दहा पावलं लांब बसलो.

दुसऱ्या अर्ध्या वेळात आमच्यावर दोन गोल झाले. पहिला गर्दीतून आला, त्याचं मी काही म्हणत नाही. दुसरा सरळ आला, जमिनीलगत, फारसा जोर नसलेला. आमच्या गड्याने आधी डावा गुडघा टेकवला, मग हात खाली आणले, आणि चेंडू त्याच्या काखेखालून निघून गेला. तो चिखलात उताणा पडला. सगळे म्हणाले, चिखल, चिखलाने घात केला. ट्रकमध्ये मीच त्याच्या पाठीवर हात फिरवत होतो. "पुढच्या वर्षी," मी म्हणत होतो. तो गुडघ्यावरचा चिखल नखाने खरवडत होता. नाना पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते.

आठ दिवसांनी तो माझ्या गोठ्याशी आला. हातात हिरवा स्वेटर, धुऊन घडी घातलेला.

"भाऊ, हाऊ स्वेटर ल्या."

"का? फाटला?"

"फाटना नही. मी धुळे चालनू. शेठना घाणीवर काम शे, नि खेळनं तठेच."

"कोणी ठरवलं?"

तो खाली बघत म्हणाला, "नानानी. पोयाले. नानानी सांगं, दावं ज्यानं त्याले परत दी दे."

आमच्यात बैल विकला तरी दावं देत नाहीत. दोर जुन्या मालकाच्या गोठ्यात राहतो. नानांनी रीत पाळली होती. माणूस विकला, आणि रीत पाळून दोर माझ्याकडे पाठवला.

"आणि तू? तुला जायचं नसेल तर कोण नेतं?"

"नानानी हात दिन्हा, भाऊ. मंग मना हात कोठे राह्यना?"

मला त्याला एकच विचारायचं होतं. तो दुसरा गोल चिखलाने झाला की उपरण्याने? भाव विचारायला मी जन्मात लाजलो नाही, पण हे विचारायची छाती झाली नाही. मी स्वेटर घेतला. तो गेला.

शनिवारी बाजार भरला. तोवर मला बाकीचंही कळलं होतं. शेठच्या सगळ्या जोड्यांची दलाली आता नानांकडे होती. जी मी दोन वर्षांपूर्वी नानांच्या शब्दाखातर सोडली, तीच. माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. नाना निंबाखाली बसले होते. मला पाहून त्यांनी जागा केली.

"आठे बस. तापू नको. हात दे."

सवयीने मी हात दिला. त्यांनी उपरणं टाकलं आणि बोटं दाबली. तीच बोटं, तितकीच गरम. ते मला शेठच्या कामात अर्धा वाटा देत होते. माझी बोटं हलली नाहीत, तेव्हा त्यांनी पुन्हा दाबली, थोडी जास्त. नाना मात्र समोरच्या खोंडाकडे बघत होते, जसं काही घडतच नाही.

मी हात ओढून घेतला आणि उभा राहिलो. "ऐका रे! नाना मला अर्धा वाटा देत आहेत! गोलकीपर विकला, त्यातला अर्धा!"

एक म्हातारा दलाल म्हणाला, "भाऊ, उपरण्याखालचं बोलला तू." बस, एवढंच. नानांनी काय केलं होतं ते कुणी विचारलं नाही. गुन्हा माझा ठरला. नानांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "याले मीच शिकाडं." त्या दिवसापासून जुन्या लोकांपैकी कुणी माझा हात उपरण्याखाली घेतला नाही. मी तोंडाने भाव बोलून धंदा केला, आणि भरपूर केला. पण ते पुढचं.

पुढच्या श्रावणात मी पुन्हा ट्रक ठरवला. बायको म्हणाली, "आता कुणासाठी?" हिरवा स्वेटर घालून एका शिंप्याला गोलात उभं केलं. स्वेटर त्याला गुडघ्यापर्यंत यायचा आणि चेंडू दिसला की तो डोळे मिटायचा. त्या वर्षी पावसाने दडी मारली होती. धुळ्याचं मैदान कोरडं ठणठणीत, भेगा पडलेलं. नाना तंबूत खुर्चीवर होते. मी माझ्या दहा पावलांवर छत्री टेकून बसलो.

पहिल्या अर्ध्यातच आमच्यावर पाच गोल झाले. मग बाजू बदलल्या आणि आमचा जुना गडी माझ्या जवळच्या गोलात आला. त्याला काही काम नव्हतं. खांबाला टेकून उभा होता. दोनदा त्याने माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, बरं शे ना?"

मी मैदानाकडे बघत राहिलो.

आणखी दोन गोल शिंप्याच्या मागे गेले. मग कसा कोण जाणे, आमच्या एका मास्तरांच्या पायाशी चेंडू आला. त्यांनी घाईत मारला. फटका कसला, चेंडू घरंगळत निघाला, सरळ त्याच्याच अंगावर. या माणसाने केळीचे घड कसे झेलले ते मी पाहिलं होतं. हा चेंडू तर कुणीही उचलला असता.

त्याने आधी डावा गुडघा टेकवला. मग हात खाली आणले. चेंडू काखेखालून आत गेला. पोळ्याला पडला होता तसाच तो उताणा पडला आणि कोरडी धूळ उडाली.

आमची माणसं वेडी झाली. एक मास्तर धावत येऊन माझ्या गळ्यात पडले. "भाऊ! केला! मी केला!" शिंपी पलीकडच्या गोलातून पळत येत होता, स्वेटर वर धरून. त्या गर्दीतून मला आमचा जुना गडी उठताना दिसला. त्याने गुडघ्यावरची धूळ झटकली, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच हसला. बहुतेक त्याला वाटलं असेल, भाऊंना बरं वाटेल. मला काहीतरी परत केल्यासारखं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मी मास्तरांचे हात गळ्यातून सोडवले. तंबूकडे पाहिलं. नाना माझ्याकडे बघत नव्हते, उपरण्याची गाठ सोडबांध करत होते. सामना संपायला अजून वेळ होता. मी छत्री उचलली आणि ट्रककडे चालू लागलो. मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, आता कुठे? आता तर सुरुवात झाली!"

ट्रकमध्ये मी पुढे, ड्रायव्हरजवळ बसलो. एकट्यानेच निघून जावं असं फार वाटलं. पण ट्रक मी ठरवलेला होता, आणि त्या अकरा जणांना परत न्यायला दुसरं कुणी नव्हतं. शेवटची शिट्टी ऐकू येईपर्यंत मी तिथेच बसून राहिलो.