सुलभावहिनींच्या तीन टेस्टा

डिचोलीत ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपणहून एल बोर्डाच्या गाडीत येऊन बसतात आणि धाडकन क्लच सोडतात! लग्नाच्या पंगतीत लोक हमखास म्हणतात, ‘मास्तर, एखादा होऊन जाऊ दे!’ मी सांगतो, लोक हसतात. हल्ली मात्र सांगून झालं की माझंच जेवण पानात तसंच राहतं.

*

आमच्या पंढरीचंच बघा. उभा जन्म खाणीवर टिपर चालवला. खाणी बंद पडल्या, टिपर दारात गंजला, आणि त्या निराशेत लायसन्स रिन्यू करायचं राहूनच गेलं. मुदत इतकी उलटली, की पुन्हा टेस्ट द्या म्हणाले. डोक्याचे केस पिकलेला माणूस कॉलेजच्या पोरींच्या मागे लायनीत उभा!

टेस्टला त्यानं काय करावं? पुढच्या गाडीच्या बंपरला आपला बंपर चिकटवूनच निघाला. ती थांबली की हा थांबणार, ती हलली की हा हलणार. शेजारी बसलेल्या इन्स्पेक्टरनी दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकले.

‘अहो, मध्ये अंतर ठेवा!’

‘गॅप दवरली जाल्यार दुसरो घुसता, सायबा!’ पंढरी म्हणाला. खाणीच्या लायनीत गॅप ठेवली की ट्रिप गेली, हे त्याच्या हाडात मुरलेलं. आता घुसायला दुसरा टिपर नव्हता, लायनही नव्हती. नापास झाला आणि पुन्हा काही आला नाही.

*

हळर्ण्याचे एक गुरुजी होते. गाडी छान चालवायचे. पण टेस्टच्या रस्त्यावर राखणदार देवाची छोटी घुमटी लागते. तिथं हॉर्न मारून एक हात कपाळाला लावायची आमच्याकडे सगळ्यांनाच सवय. गुरुजी भाविक, त्यांनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडले!

‘हात! हात कुठे आहेत?’ इन्स्पेक्टर ओरडले.

‘तुमीय जोडा, सायब. फुडें वळण आसा!’

आमच्या इन्स्पेक्टरना हसताना कोणी पाहिलेलं नाही. तेव्हाही ते हसले नाहीत. कागदावर फुली मारली आणि पुढच्याला बोलावलं.

*

पण पंगतीत जो मी कधीच सांगत नाही, तो किस्सा नार्व्याच्या सुलभावहिनींचा.

नवऱ्याच्या, दत्तारामच्या, किडन्या गेलेल्या. डायलिसिससाठी डिचोलीच्या हॉस्पिटलात नेहमीचं जाणं-येणं. घरची गाडी होती, ती पुतण्या चालवायचा. त्याला मोप्याला एअरपोर्टवर काम मिळालं आणि गाडी अंगणात उभी राहिली. बसमधून परत येताना दत्तारामचे होणारे हाल वहिनींना बघवेनात. म्हणून त्या माझ्याकडे शिकायला आल्या. लायसन्स त्यांना हौसेसाठी नको होतं.

दत्तारामला घरी एकटा ठेवायची सोय नव्हती. त्यामुळे शिकताना तोही गाडीत, मागच्या सीटवर. स्वभाव भारी गमत्या! एकदा मी वहिनींना रिव्हर्स शिकवत होतो, तर मागून म्हणतो, ‘मास्तर, हिका रिव्हर्स शिकवू नकात. व्हरूंक येयलें की पुरो. परत हाडूंक लागचें ना!’

न्यायला आलं की पुरे, परत आणायला लागणार नाही, म्हणे!

मला हसू आलं, ते मी गिळलं. वहिनींनी फेरीबोटीच्या धक्क्यापासून वरच्या वळणापर्यंत गाडी अख्खी रिव्हर्समध्ये नेली. एकदासुद्धा बंद पाडली नाही.

*

पहिल्या टेस्टला मी लांब झाडाखाली उभा होतो. गाडी अशी सरपटत होती, की मागून सायकलवाला घंटी वाजवायला लागला. आतलं बोलणं वहिनींनीच नंतर सांगितलं.

‘वहिनी, ही पालखी आहे का? स्पीड घ्या,’ इन्स्पेक्टर म्हणाले.

‘धक्को बसलो की तांकां ओकारी येता, सायब.’

इन्स्पेक्टरनी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. वहिनी नापास.

*

दुसऱ्या टेस्टला आठचा आकडा अर्धा झाला आणि वहिनींचा फोन वाजला. त्यांनी तिथंच ब्रेक मारून फोन उचलला.

‘टेस्टमध्ये फोन?’

‘हॉस्पिटलचो आसा. नापास करात, सायब, पूण बोलूंक दियात.’

इन्स्पेक्टरनी नापास केलं आणि बोलूही दिलं. फोन संपेपर्यंत खाली उतरून उन्हात उभे राहिले. मला तो माणूस तेव्हा पहिल्यांदा आवडला.

*

दत्ताराम गेला. दिवसपाणी झाल्यावर मी भीतभीत फोन केला. म्हटलं, ‘वहिनी, तिसऱ्या टेस्टचं राहू दे आता.’

‘राहू कशी देऊ?’ त्या म्हणाल्या. ‘दीर म्हणतात, घरांत चालवपी कोण ना, गाडी विकून टाकूया. तांची गाडी मी विकूंक दिवची ना, मास्तर.’

आल्या. मीच इन्स्पेक्टरना विनंती केली, वहिनींना आधार म्हणून मागं बसू का. ते म्हणाले, ‘बसा.’

आधीच सांगून टाकतो, त्या दिवशी वहिनी पास झाल्या. गाडी अजून त्यांच्या अंगणात आहे. पण किस्सा तो नाही.

आठ झाला, चढावरचा स्टार्ट झाला. चौकात आलो.

‘डावीकडे घ्या,’ इन्स्पेक्टर म्हणाले.

वहिनींनी आरसा पाहिला, उजवा इंडिकेटर दिला आणि सफाईनं गाडी उजवीकडे घेतली. मी तोंड उघडणार, तोच इन्स्पेक्टरनी न वळताच हात वर करून मला गप्प केलं.

वहिनी चालवत राहिल्या. खड्डा आला की अलगद वाचवायच्या, स्पीडब्रेकरवरून गाडी कशी गेली ते कळायचंही नाही. हॉस्पिटलच्या गेटातून त्यांनी गाडी आत घेतली, थेट पोर्चखाली उभी केली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला.

आणि मागं न बघता म्हणाल्या, ‘पावलों. सवकास उतरात हां.’

मागच्या सीटवर मी होतो. मी सावकाश उतरलो.