डावऱ्याचा डावा हात

गिऱ्हाइकं त्याला डावराच म्हणत. वस्तरा डाव्या हातात, कात्री डाव्या हातात, आणि तोंड अखंड चालू. उलट्या बाजूनं पातं आलं की नवखं गिऱ्हाईक खुर्चीत अंग चोरायचं. "हलू नका हं," डावरा म्हणायचा, "कान पुन्हा उगवत नाही." जुनी मंडळी मात्र दुसऱ्या न्हाव्याकडे फिरकायची नाहीत.

बारा वर्षांपूर्वी त्याचं बायपास झालं. एक नळी छातीतलीच जोडली, दोन ठिकाणी डाव्या पायातली शीर काढून बसवली. "नवं इंजिन टाकलंय!" असं सांगत तो शर्ट उघडून व्रण दाखवायचा. कसलं डोंबलाचं नवं! शीर त्याच्याच पायातली, त्याच्याच वयाची. पण सांगितलेलं ऐकेल तर तो डावरा कसला?

उभं राहून राहून पुढे उजव्या पायाच्या शिरा फुगल्या. ठणका सोसवेना. "अहो, दाखवून तरी या," बायकोनं धोशा लावला. दुसऱ्याच एका दवाखान्यात त्यानं शीर जाळून बंद करून घेतली. बायपासचं त्यांनी विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. दुखतोय पाय, छातीचा काय संबंध?

यंदा दाढी करता करता छाती आवळून आली. उजव्या मनगटातून तार घालून तपासणी झाली.

"छातीतली नळी ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "पायातल्या शिरा मात्र बुजल्या. एवढा दाब सोसायची त्यांना सवय नसते. दहा-बारा वर्षांत बऱ्याच जणांच्या बुजतात. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. उजव्या पायातली शीर घेऊ."

"ती जाळली," डावरा म्हणाला.

बायकोनं कपाळावर हात मारला. "मीच पाठवलं हो यांना. जळो माझी जीभ!"

"मग हातातली नळी. उजव्या हातात तार घातली होती, तिथली आता भरवशाची नाही. डाव्यातली काढू. अंगठा बधिर होतो, क्वचित कायमचा. पण डाव्या हाताचं एवढं काय काम असतं?"

डावऱ्याला हसू आलं आणि त्याचं रडूच झालं. "डॉक्टर, माझं पोट याच हातावर आहे हो! नाही केलं तर?"

"पुढचा झटका कदाचित झेपणार नाही."

"बधिर तर बधिर," बायको म्हणाली. "मला तुम्ही हवे आहात."

"आणि मी दिवसभर भिंतीकडे बघत बसू? त्यापेक्षा मेलेलं काय वाईट?" तो ओरडला. सही मात्र त्यानं केली, डाव्या हातानं.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डातला माणूस हातावरचे केस काढायला आला आणि कोरडंच खरडू लागला. "अरे, दाढी करतोस की बटाटा सोलतोस? आण इकडे." डावऱ्यानं वस्तरा हिसकावला, सवयीनं डाव्या हातात घेतला, आणि तसाच बसून राहिला. डावा हात डाव्या हातानं कसा करणार? उजव्यात धरून पाहिला, तर पातं थरथरायला लागलं.

बायकोनं वस्तरा काढून घेतला. "सांगा, कसं करू?"

"साबण लाव. कातडी ताणून धर. दाबू नकोस गं."

त्याचा पंजा एका हातात घेऊन ती जीव मुठीत धरून करत होती. त्याचा अंगठा तिच्या तळव्यावर पुन्हा पुन्हा फिरत होता.

"अहो, हलू नका ना. काय करताय?"

"तुझा हात केवढा खरखरीत झालाय गं," तो म्हणाला. "मला कळलंच नव्हतं."