चौथी दोरी

आटगावजवळच्या एका शेडमध्ये मी चार वर्षं पतंग शिवले. संक्रांतीचे नव्हेत. पायाखाली फळी घेऊन माणूस पाण्यावर उभा राहतो आणि ज्यांच्या ओढीने धावतो, उडतो, ते. खोलीएवढे मोठे. पुढच्या काठाला हवा भरायची जाड नळी, आणि खाली चार दोऱ्या एका दांड्याला बांधलेल्या, तो दांडा माणसाने हातात धरायचा. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत हे काम मी कुणाला सांगितलं तर ऐकणारा हसायचा. माझी सासू शेजारणींना सांगायची, सून तंबू शिवते.

आमचे शेठ बरीच वर्षं परदेशात राहून आले होते. तिकडच्या एका कंपनीचे पतंग ते आमच्याकडून शिवून घेत. पण त्यांना स्वतःचा पतंग काढायचा होता, कसरतीचा. एरवी दांडा कमरेच्या पट्ट्याला हुकाने अडकवलेला असतो; कसरत करणारा आधी तो हूक सोडतो आणि सगळी ओढ दोन हातांवर घेतो. मग उडी मारून हवेतच दांडा पाठीमागून एका हातातून दुसऱ्या हातात घेतो. त्या घटकेला दोऱ्या सैल पडल्या पाहिजेत आणि पतंग जागचा हलता कामा नये. शेठने दोन वर्षं त्याच्यापायी घालवली. कापड कापायचं, शिवायचं, उसवायचं.

दोऱ्यांचं काम माझ्याकडे होतं. नवी दोरी ताणाखाली वाढते, म्हणून ती आधी वजन लावून दोन दिवस ताणून ठेवायची आणि मगच मापायची. त्या मे महिन्यात पतंग पाण्यावर न्यायचा दिवस ठरला आणि नेमकं आदल्या दिवशी, ताणून ठेवलेल्या दोरीचं रीळ संपलं. तीन दोऱ्या झाल्या, चौथीला पुरेना. मी शेठना सांगितलं, दोन दिवस थांबू. ते म्हणाले, नव्या रिळातली घे, मापाला बरोबर आली की झालं. मी घेतली. खिळ्याला लावून चारही दोऱ्या मापल्या, केसाचाही फरक नव्हता. उद्या त्या अशा सारख्या राहणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी जीपने डोळखांबच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्यावर गेलो. उन्हाळ्याने पाणी मागे सरलं होतं. काठाला भेगाळलेला गाळ, आणि पाण्यात जुन्या झाडांचे बुंधे वर आलेले. पतंग उडवून बघायला मुंबईहून एक सर आले होते. तिशीचे असतील, बोलायला मऊ. मला ते ताई म्हणायचे. माझं अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे. ते पाण्यातून येऊन सांगतील ते मी लिहायचं.

सकाळी सगळं छान झालं. अजून आठवतं मी काय लिहिलं ते. उचलतो लगेच. वळवला की वळतो, उशीर करत नाही. पाण्यात पडला तर एका ओढीत पुन्हा उभा राहतो. दांडा बारीक आहे, मुठीत बसतो, बोटं दुखत नाहीत. हूक सोडून त्यांनी पाच-सहा उड्या मारल्या, दोऱ्या हव्या तशा सैल पडत होत्या. शेठ काठावर उभे राहून नुसते बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुपारी वारा वाढला. सर भाकरी खायला बाहेर आले तेव्हा सहज म्हणाले, "डावीकडे जरा जातोय. सकाळी नव्हता जात."

नवी दोरी उजवीकडची होती. ती वाढली की पतंग डावीकडेच जाणार. पेन माझ्या हातात होतं. शेठ माझ्याकडे बघत नव्हते, आणि ते मुद्दाम बघत नाहीत हे मला कळत होतं. ते म्हणाले, डोंगरावरून वारा फिरतोय, म्हणून असेल. सरांनी मान हलवली. मी वहीत लिहिलं, डावीकडे जातो, वारा.

जेवून सर परत पाण्यात गेले. तिसऱ्या उडीला त्यांनी दांडा पाठीमागे नेला. एकाच हातात दांडा असताना पतंग डावीकडे झुकला आणि दोऱ्या ताठ झाल्या. हात मागे तसाच ओढला गेला. दांडा सुटला, पण ते बुंध्यांच्या बाजूला पडले. दोन गडी पोहत गेले आणि त्यांना घेऊन आले. उजवा खांदा जागेवर नव्हता. ते ओरडले नाहीत, फक्त पुन्हा पुन्हा विचारत होते, पतंग फाटला का.

शहापूरच्या दवाखान्यात जाईपर्यंत जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तेव्हाही मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी शेठने वही मागितली. वाचून परत दिली, बरोबर लिहिलंयस म्हणाले. घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू सांगतलं होतं ना शेठला? मंग तुजी चूक नाय." मला त्याने बरं वाटलं नाही. शेठला सांगितलं होतं. ज्याच्या हातात दांडा होता त्याला नव्हतं सांगितलं.

आठवड्याने मी कल्याणला, सरांना हलवलं होतं त्या दवाखान्यात गेले. सर उशीला टेकून बसले होते. उभ्यानेच मी सांगून टाकलं, रीळ संपलं ते, नवी दोरी, सगळं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "ताई, जेवताना सांगितलं असतंत तर मी त्या दोरीला गाठ मारून ती आखूड करून घेतली असती. दोन मिनिटांचं काम होतं."

रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी मला मोसंबी घ्यायला लावली आणि पतंग चांगला आहे, शेठला सांगा, असंही म्हणाले.

पुढच्या मे महिन्यात तोच पतंग घेऊन पुन्हा गेलो. सर आले, पण उडवणारा दुसरा होता. त्यांचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्यांनी चारही दोऱ्या स्वतः बोटांतून काढून बघितल्या आणि शेठच्या समोर मला विचारलं, काही सांगायचं आहे का. मी सांगितलं, चारही एकाच रिळातल्या, तीन दिवस ताणलेल्या, काल आणि आज सकाळी मापलेल्या. आणखी काही, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, नाय.

खरंच काही नव्हतं. तरी तो माणूस पाण्याबाहेर येईपर्यंत मला वहीत एक अक्षर लिहिता आलं नाही. पतंग सुरेख उडाला म्हणतात. मी खाली गाळाकडे बघत होते.