बांधावरचे बाण

आमच्या पाली गावात एक मॅडम हरवल्या, आणि त्यांना वाट दाखवायचं काम माझ्याकडे होतं.

सुट्टीच्या दिवशी राजगडावर येणारी शहरी मंडळी थेट आमच्या भातातून चालतात. यंदा त्यांच्या पायांनी खाचराचा बांध चारी बाजूंनी ढासळला. म्हणून त्यांच्यासाठी रानातून वेगळी पायवाट आखायची ठरली. मंजुरी देणाऱ्या वनखात्याच्या मॅडम स्वतः चालून बघणार होत्या. त्यांना पटली नाही, तर वाट दुसऱ्या गावाला आणि तुडवणं आमच्या भाताला!

खडकांवर चुन्याचे बाण काढायचं काम मी हौसेनं मागून घेतलं. (माझ्या कमरेला वाकणं मानवत नाही, हे नंतर आठवलं.) मग ओढ्यातले सपाट दगड आणले, अंगणात बसून चहा पीत रंगवले आणि घमेल्यातून नेऊन वाटेवर मांडले. मॅडमना फोनवर छातीठोकपणे सांगितलं, "नवखा माणूससुद्धा चुकणार नाही."

"मग मी एकटीच येते. वरच्या झऱ्यापाशी भेटू."

झऱ्यापाशी तासभर थांबलो. धुकं दाटलं. फोन लागेना. एका अंगाला खोल कडा आहे, हे आठवलं. धावत खाली निघालो, तर वाटेवर एकही बाण नाही!

वडील खाचराशेजारी तंबाखू मळत बसले होते.

"आबा, वाटंवरले दगड कुठं गेले?"

"बांधाला लावलं की. लई सपाट हुतं."

"त्यांच्यावर बाण होते!"

"व्हय, दिसलं. समदी टोकं एकामागं एक केली, म्हंजे बरी दिसत्यात. एक बाई मगापासनं खाचराभवती फिरतीया त्यावरनं."

धुक्यातून छत्री आली. खाली मॅडम, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेल्या.

"वाट सोपी आहे हो, पण झरा येतच नाही. या काकांना तीनदा विचारलं. म्हणाले, बाणामागं जावा, पोरानं लई मेहनत घेतलीया."

मी त्यांना हात द्यायला पुढं झालो. तेवढ्यात त्यांच्या पायाखालचा बांध खचला आणि पाणी भळभळा वाहू लागलं.

मॅडमनी खचलेल्या बांधाकडे बघितलं. "एकटीच्या पायानं एवढं, तर गर्दीनं काय होत असेल? वाट रानातूनच हवी. मंजूर. फक्त बाण न हलणाऱ्या खडकांवर काढा."

आता बाण आबा काढतात. मी चुन्याची बादली धरतो, आणि दर खडकापाशी ती खाली ठेवायला वाकतो.