टायट्रेशनच्या तासाला कोण बोललं?

भूतबित, अंगात येणं वगैरे गोष्टींची मी कायम टिंगलच करत आलोय. विज्ञान शिकवतो म्हणून नाही... स्वभावच तसा. पण एक प्रसंग असा आहे, की तो ऐकून कुणी माझी टिंगल केली तर मला उत्तर देता येत नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही दादर सोडून मीरा रोडला नुकतेच राहायला आलो होतो. मी एम.एस्सी. करत होतो आणि भाईंदरच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीचा पार्टटाइम डेमॉन्स्ट्रेटर होतो. लॅबच्या खिडकीतून मिठागरं दिसायची. एफ.वाय.ची मुलं माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान. ती डोक्यावर बसतील या भीतीने मी फळ्याकडे तोंड करून, चढ्या आवाजात, एका दमात सगळं सांगून मोकळा व्हायचो. शेवटी "एनी डाउट्स?" विचारायचो — तेही अशा थाटात, की कुणाची हिंमतच होऊ नये.

त्या दुपारी प्रॅक्टिकलच्या आधी हेमलता माझ्या टेबलापाशी आली. जवळच्याच राई गावची मुलगी, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच.

"सर, मी सोमवारपासून कॉमर्सला जातेय."

"का गं?"

"मना न्हाय जमत सायन्स." एवढं बोलून ती जागेवर जाऊन बसली.

मला खरंच वाईट वाटलं. टायट्रेशनला ब्युरेटच्या नळीतून एकेक थेंब सोडावा तर तिनेच, इतका स्थिर हात. पण मी नेहमीसारखा फळ्याकडे वळलो आणि नॉर्मॅलिटीचं, म्हणजे द्रावण किती तीव्र आहे त्याचं, गणित लिहायला लागलो. अर्धं झालं असेल, तेवढ्यात आवाज आला —

"नाही कळलं."

अगदी स्पष्ट. एकच आवाज. मुलाचा की मुलीचा, ते मात्र सांगता येणार नाही.

मी गर्रकन वळलो. "कोण बोललं?"

सगळ्यांच्या माना खाली. मग हेमलताने हळूच वर बघितलं आणि ओठ दाबून हसली. मी चाचपून पाहिलं, तर माझ्या मिशीला खडू लागलेला!

माझा सगळा रुबाब तिथेच उतरला. खडू ठेवला, प्लॅटफॉर्मवरून खाली आलो आणि स्टूल ओढून त्यांच्यात बसलो. "बरं, कुठपर्यंत कळलं ते सांगा." सरबतात साखर किती, पाणी किती, तिथून सुरुवात केली. मीरा रोडच्याच नया नगरमधल्या इम्रानने हिंदीत काहीतरी विचारलं, मी हिंदीत सांगितलं. मग हेमलता म्हणाली, "मंजी आमचे मिठागरासारका न्हाय का सर? पानी आटत जातं, मीठ तेवराच ऱ्हातं."

"अगं, हेच तर मी मघापासून फळ्याला सांगतोय!" मी म्हणालो, आणि सगळी हसली.

सोमवारी ती लॅबमध्येच होती.

टर्म संपल्यावर कॅन्टीनमध्ये या मुलांबरोबर चहा पिताना मी सहज विचारलं, "आता तरी सांगा, त्या दिवशी कोण बोललं?"

इम्रान ओशाळला. "सर, मैं ही था. 'समझ में नहीं आया'... पता नहीं कैसे मुँह से निकल गया."

"क्या फेंकता है!" त्याच्या शेजारी बसलेला कल्पेश म्हणाला. "मैं बोला था सर, गुजराती में. 'समजायुं नहीं.' फिर डर के मारे नीचे देखने लगा."

"काय पन! मी बोललेली," हेमलता म्हणाली. "'न्हाय कलला' बोलली नि वाटला, आता सर भायेर कारतील."

टेबलावरचा प्रत्येक जण तेच सांगत होता — आपणच बोललो, आपल्याच भाषेत. आधी हसणं झालं. मग कुणी हसेना. चहा तसाच राहिला.

मी आवाज एकच ऐकला होता, तोही मराठीत. या गोष्टीला इतकी वर्षं झाली, उलगडा काही होत नाही.

मुलांना तेव्हा सांगितलं नाही, ते इथे सांगून टाकतो. त्या गणितातली जी पायरी मी तेव्हा फळ्यावर लिहीत होतो, ती मलाही कधी नीट कळली नव्हती, पाठ होती इतकंच. आवाज आला तेव्हा मला वाटलं, मीच बोललो... आणि खडूसकट हात मी चटकन स्वतःच्या तोंडावर ठेवला होता.