मोलकरीण नको, मालकीण घेते

‘उद्यापासून बाजूच्या दारानं येत जा. हॉलमध्ये देव आहेत.’

काकू हे म्हणाल्या तेव्हा त्यांच्या हातात इंग्रजी कादंबरी होती, वाचत्या पानात बोट घातलेलं. कॅनडात, रिचमंड हिलच्या त्यांच्या घराचं बेसमेंट मी भाड्यानं घेतलं होतं. दिवसा कॉलेज, संध्याकाळी स्टोअरमध्ये काम. २०१७ चा हिवाळा होता.

नांदेडला इंग्रजीत एम.ए. केलेली मुलगी म्हणून काकूंनीच मला त्यांच्या वाचनमंडळात बसवलं होतं. रिटायर झालेल्या मराठी बायका जमायच्या. कादंबरी ब्रिटिश. मोठा बंगला, गोरी मालकीण, वेस्ट इंडीजमधून आणलेली काळी मोलकरीण. तिला पुढच्या दाराची बंदी. बायका हळहळायच्या. ‘हाऊ कॅन पीपल बी सो क्रूअल, बाई,’ म्हणायच्या. मीही हळहळले. मग चहा घेताना एकीनं गोड आवाजात माझं कुलदैवत विचारलं. आम्ही बौद्ध, मी म्हणाले. ती कप घेऊन पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला ते दाराचं सांगितलं. त्याच दुपारी बेसमेंटच्या जिन्याच्या दाराला वरून कडी लागली.

जानेवारीत फ्रीझिंग रेन झाला, पडताक्षणी गोठणारा पाऊस. सकाळी बाजूचं दार बर्फानं गच्च धरलेलं. खांदा लावला, हललं नाही. खिडकी म्हणजे छताला लागून एक फट. घर तापवणारा फर्नेस घरघरत होता. मी जिना चढून आतलं दार ठोठावलं. काकू, बाहेरचं जाम झालंय, उघडा. पावलं आली. थांबली. दाराखालून त्यांची सावली दिसत होती. मी पुन्हा हाक मारली. पावलं परत गेली. थोड्या वेळानं वर पूजेची घंटी वाजली.

तेव्हा मी घाबरले. ही बाई मला आत मरू देईल आणि वर हात जोडून उभी राहील, हे मला कळलं. किटलीनं उकळतं पाणी उंबऱ्यावर ओतत राहिले, तेव्हा कुठे दार सुटलं. संध्याकाळी जाब विचारला तर म्हणाल्या, ‘अगं, सोवळ्यात होते मी.’

वाचनमंडळाची एक रीत होती. प्रत्येकीनं एक पात्र घ्यायचं आणि त्याच्याबद्दल बोलायचं. पुढच्या बैठकीला टोरोंटोहून एक गोऱ्या बाई पाहुण्या येणार होत्या. फाडफाड इंग्रजी बोलणारी कुणीतरी हवी होती. काकूंना मी आठवले.

‘तू ती मोलकरीण घे. तुला आतून कळेल.’ आणि मागून, किचनमधून ये म्हणाल्या.

मी पुढच्या दाराची बेल वाजवली. दार पाहुण्यांनीच उघडलं. सोफ्यावर बसले आणि सांगितलं, मी मालकीण घेते. मग इंग्रजीत, सावकाश बोलले. ही बाई कधी आवाज चढवत नाही. पुस्तकं वाचते, डोळे पुसते. मोलकरीण आत अडकते तेव्हा ती दारापर्यंत येते, ऐकते आणि परत जाते, कारण तिची प्रार्थनेची वेळ झालेली असते. पाहुण्या पानं चाळायला लागल्या. हे कुठल्या चॅप्टरमध्ये आहे, त्यांनी विचारलं.

पुस्तकात नाही, मी म्हणाले. ह्या घरात आहे. ते दार, त्याची कडी बघा.

‘शी इज अंडर अ लॉट ऑफ स्ट्रेस,’ काकू हसून म्हणाल्या.

कडी बघायला कुणीच उठलं नाही. पाहुण्या आपला कोट शोधत होत्या. त्याच आठवड्यात, भर थंडीत, मी ती जागा सोडली.

आता खोली बघायला गेले की बूट काढायच्या आधी सांगते, मी बौद्ध आहे. समोरच्याचा चेहरा बघते. तो बदलला तर मी तिथे राहत नाही. पण मुकाट्यानं निघतही नाही. का बदलला, ते त्याच्याच तोंडून, त्याच्या बायकोपोरांसमोर वदवून घेते.